कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा संगणक: विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

दांडिया बाजारातल्या आमच्या वर्गात बीसीए, बीएस्सी आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येतात. बडोद्यातल्या मराठी घरांत साधारण असे चित्र असते की घरी मराठी, मित्रांत गुजराती आणि हातातले पुस्तक इंग्रजी. त्यामुळे आम्ही समजावून सांगतो ते मराठीत, पण व्हेरिएबल, लूप, फंक्शन, टॅग हे शब्द जसेच्या तसे ठेवतो. पेपर आणि वायवा (तोंडी परीक्षा) इंग्रजीत असतात. तिथे 'चल' किंवा 'आवर्तन' आठवून काही उपयोग नाही.

पहिल्या सत्रात साधारण तीन गोष्टी येतात: संगणकाची मूलतत्त्वे, एक प्रोग्रामिंगची भाषा (बहुधा सी, काही ठिकाणी पायथॉन) आणि वेब डिझाइन. यातली मूलतत्त्वे 'थिअरी' म्हणून बाजूला टाकायची आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायची, अशी पद्धत पडली आहे. आमचा आग्रह नेमका उलटा आहे. सीमध्ये आणि वेबमध्ये जिथे मुले अडतात, तिथली निम्मी उत्तरे मूलतत्त्वांच्या पहिल्या चार तासांत असतात. ती कशी, ते पुढे दाखवले आहे.

आणे-पैसे आणि हेक्साडेसिमल

संगणक ० आणि १ एवढेच जाणतो. ४५ ही संख्या दोनने भागत गेलात आणि बाकी खालून वर वाचलीत, की १०११०१ मिळते. हे सगळ्यांना जमते. गाडी अडते ती हेक्साडेसिमलवर, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीवर. इथे घरातल्या आजोबांना हाक मारा. १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. ४५ आण्यांचे रुपये किती? दोन रुपये आणि तेरा आणे. हेक्साडेसिमलमध्ये ४५ म्हणजे 'दोन' आणि 'तेरा'. मात्र तेरासाठी एकच चिन्ह हवे, म्हणून दहाला ए, अकराला बी असे करत तेराला डी. उत्तर: २डी.

आता १०११०१ च्या डावीकडे दोन शून्ये लावून आठ बिट (एक बिट म्हणजे एक ० किंवा १) पूर्ण करा आणि मधोमध तोडा: ००१० आणि ११०१. पहिला तुकडा २, दुसरा १३. चार बिट म्हणजे एक हेक्स अंक, हा नियम पाठ करायची गरज उरत नाही, समोर दिसतो.

ऋण संख्या लिहायची रीतही इथेच पक्की करून घ्या. उणे ४५ साठी ००१०११०१ मधले सगळे बिट उलटे करायचे (११०१००१०) आणि त्यात १ मिळवायचा: ११०१००११. याला टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात. डावीकडचा पहिला बिट १ असेल तर संख्या ऋण. एवढे एक वाक्य वहीत ठळक लिहून ठेवा, सीच्या तासाला लागणार आहे.

चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण ५९.६ जीबी दाखवतो, तेव्हा दुकानदाराने फसवले असे वाटते. तसे नसते. बनवणारा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) धरतो, विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ धरते.

सी: टक्केवारीचा प्रोग्राम नीट पाहा

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास घडवली, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये ती अजून बोर्लंडच्या टर्बो सीवर शिकवली जाते. टर्बो सी १९८७ मध्ये आले, विंडोजआधीच्या डॉसच्या काळातले. घरी मात्र विद्यार्थी कोडब्लॉक्स टाकतात, त्यात जीसीसी हा आजचा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) असतो. एकच प्रोग्राम दोन्हीकडे वेगवेगळे उत्तर देतो आणि मग मुलाला वाटते की आपलेच काहीतरी चुकले.

सुरुवातीच्या प्रॅक्टिकलांत टक्केवारीचा प्रोग्राम हमखास असतो. ६०० पैकी ४३७ गुण, कागदावर उत्तर ७२.८३. दोन्ही संख्या 'इंट' (पूर्णांक) प्रकारच्या घेतल्या आणि सूत्र लिहिले ४३७ / ६०० * १००. उत्तर आले ०. कारण इंटला इंटने भागले की सी दशांश टाकून देते. ०.७२ चे झाले ०, आणि शून्याला शंभरने गुणून शून्यच.

मग शेजारचा मित्र सांगतो, आधी शंभरने गुण. ४३७ * १०० / ६००. घरी ७२ येते. दशांश गेला, पण उत्तर जवळपास बरोबर. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये टर्बो सीवर हाच प्रोग्राम –३६ दाखवतो! उणे छत्तीस टक्के.

टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा असतो, त्यात –३२७६८ ते ३२७६७ एवढेच मावते. ४३७ गुणिले १०० होतात ४३७००. ते मावत नाहीत, डावीकडचा बिट १ होतो आणि तीच संख्या ऋण म्हणून वाचली जाते: ४३७०० वजा ६५५३६, म्हणजे –२१८३६. त्याला ६०० ने भागून दशांश टाकला की –३६. मूलतत्त्वांच्या वहीतले ते ठळक वाक्य इथे कामाला येते. जीसीसीमध्ये इंट ३२ बिटांचा, म्हणून घरी हे दिसले नाही.

उपाय एका टिंबाचा आहे. मित्राच्या सूत्रात १०० ऐवजी १००.० लिहा. मग सगळे गणित दशांशात होते आणि ७२.८३ मिळते. छापताना प्रिंटएफमध्ये '%डी' नको, '%एफ' हवे. दोनच दशांश हवे असतील तर % आणि एफच्या मध्ये '.२' लिहा. फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराच्या) प्रोग्राममध्येही हाच खेळ होतो: टर्बो सीवर ७ पर्यंत ठीक (५०४०), आणि ८ ला ४०३२० ऐवजी –२५२१६. घरच्या कंपायलरवर १२ पर्यंत निभावते, १३ ला उत्तर चुकते.

आणखी चार चुका, ज्या वर्गात रोज दिसतात. किंमत वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या नावाआधी & राहून जाते. कंपायलर सहसा अडवत नाही, पण चालवल्यावर प्रोग्राम बंद पडतो किंवा भलतीच संख्या धरतो. संख्येनंतर एक अक्षर वाचायचे असेल तर प्रोग्राम न थांबता पुढे पळतो, कारण आधी दाबलेले एंटर अजून रांगेत असते आणि तेच अक्षर म्हणून उचलले जाते. अवतरणचिन्हाच्या आत %सीच्या आधी एक मोकळी जागा सोडली की काम होते. 'इफ'मध्ये == ऐवजी = लिहिले तर तुलना न होता किंमतच भरली जाते. आणि 'फॉर'च्या ओळीनंतर चुकून अर्धविराम पडला तर लूप रिकामाच फिरतो, खालचा मजकूर एकदाच छापला जातो.

चुकांची यादी आली की घाबरून सगळीकडे हात घालू नका. फक्त पहिली चूक वाचा, दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. एक महिरपी कंस राहिला तरी वीस चुका दिसू शकतात. ओळ क्रमांक ८ सांगितला असेल आणि तिथे काही सापडले नाही, तर सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे का ते पाहा.

आणि घरच्या यंत्रासाठी: कोडब्लॉक्स उतरवताना नावात 'मिनजीडब्ल्यू' असलेली फाइलच घ्या. दुसरीत कंपायलर नसतो, आणि मुले दोन-दोन दिवस 'प्रोग्राम बिल्ड होत नाही' म्हणून बसून राहतात. 'कोनिओ' हेडर आणि 'क्लिअर स्क्रीन'ची ओळ टर्बोची खास आहे, ती लॅबच्या प्रतीत ठेवा, घरच्या प्रतीतून काढा. 'व्हॉइड मेन' ऐवजी 'इंट मेन' लिहायची सवय लावा, ते दोन्हीकडे चालते.

पायथॉन असेल तर

पायथॉन गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. सीपेक्षा ती लवकर हाताशी येते, म्हणून इथे थोडक्यात. विंडोजवर बसवताना पहिल्याच पडद्यावर 'पाथमध्ये जोडा' अशा अर्थाचा छोटा चौकोन असेल तर त्यावर खूण करा. ती राहिली तर कमांड लिहिल्यावर पायथॉन सापडतच नाही. 'इनपुट'ने घेतलेले सगळे मजकूर असते: ५ आणि ३ ची बेरीज ५३ आली, तर 'इंट'मध्ये गुंडाळायचे विसरलात. ओळी आत सरकवताना चार स्पेस ठरवा आणि तेच ठेवा. स्पेस आणि टॅब मिसळले की चूक डोळ्यांना दिसत नाही.

वेब डिझाइन: गणेशोत्सवाचे कार्यक्रमपत्रक

वेबची सुरुवात टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत केली, पहिला प्रस्ताव १९८९ चा. आम्ही सरावाला गणेशोत्सव मंडळाचे कार्यक्रमपत्रक देतो. त्यात मथळा, दहा दिवसांचा तक्ता, मूर्तीचा फोटो आणि आरतीसाठी नाव नोंदवायचा फॉर्म, म्हणजे पहिल्या सत्रातले जवळपास सगळे टॅग (पानाचा कोणता भाग काय आहे ते सांगणाऱ्या खुणा) येतात. शिवाय पान घरी दाखवता येते.

पहिली अडचण फाइलच्या नावाची. नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह केली, ब्राउझरमध्ये उघडली तर सगळे टॅगच दिसतात. विंडोजने नावाच्या शेवटी गुपचूप 'डॉट टीएक्सटी' जोडलेले असते. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन नावांचे शेपूट दिसेल असे करा. हे पहिल्याच दिवशी करा.

दुसरी अडचण फोटोची. घरी दिसतो, लॅबमध्ये दिसत नाही, कारण पत्ता 'सी ड्राइव्ह'पासून लिहिलेला असतो आणि तो फक्त तुमच्याच यंत्रावर खरा असतो. एक फोल्डर करा, पान, फोटो आणि स्टाइलची फाइल तिथेच ठेवा, पत्त्यात नुसते फाइलचे नाव लिहा. नावात मोकळी जागा नको आणि सगळी अक्षरे स्मॉल. विंडोज कॅपिटल-स्मॉल सारखेच मानते, पण गिटहब पेजेसवर (वेबसाइट ठेवायच्या सेवेवर) पान चढवले की तिथे ती दोन वेगळी नावे ठरतात. पहिल्या पानाचे नाव 'इंडेक्स'च ठेवा, पत्ता उघडल्यावर तेच शोधले जाते.

तिसरी अडचण खास आपली, मराठीची. 'हेड'मध्ये यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये साठवायची पद्धत) सांगणारा मेटा टॅग नसेल तर 'नमस्कार'च्या जागी ब्राउझर परकी चिन्हे दाखवू शकतो. देवनागरीतला प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. 'नमस्कार' म्हणताना आपण चार अक्षरे मोजतो. पायथॉन त्यात सात मोजते: न, म, स, हलन्त, क, काना, र. आणि सीचे 'स्ट्रलेन' मोजते एकवीस, कारण ते बाइट मोजते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. आणि मंडळाकडून आलेला मजकूर जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमधला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, मेटा टॅगने तो सुधारत नाही.

रंग द्यायची वेळ आली की आणे-पैसे परत येतात. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या स्टाइलच्या भाषेत, भगवा रंग # नंतर एफएफ, ९९, ३३ असा लिहितात: लाल, हिरवा, निळा. एफएफ म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, म्हणजे २५५ आणे, ऋण संख्या धरल्या नाहीत तर एका बाइटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या. ९९ म्हणजे १५३, ३३ म्हणजे ५१. मथळा जास्त तांबडा हवा असेल तर मधली जोडी कमी करा. हे कळलेला विद्यार्थी रंगांच्या तक्त्यात शोधत बसत नाही.

मोबाइलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेल करून तो लहान करा आणि सीएसएसमध्ये त्याची कमाल रुंदी १०० टक्के ठेवा, नाहीतर फोनवर पान आडवे सरकवावे लागते. 'व्ह्यूपोर्ट'चा मेटा टॅगही त्यासाठीच. जावास्क्रिप्ट (ब्रेंडन आइक, १९९५) या वर्षी फॉर्म तपासण्यापुरती पुरे. जावाशी तिचे नाव जुळते, काम जुळत नाही.

यंत्र कोणते घ्यावे

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. या तिन्ही विषयांना ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, त्यावर पैसे घालू नका. घरात जुना डेस्कटॉप असेल तर नवा घेण्याआधी त्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून पाहा, बहुतेकदा तेवढ्याने काम भागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुने यंत्र विकत घेत असाल तर त्यावर ११ चालते का ते आधी विचारा. फोनवर कोड लिहून हात बसत नाही.

जर्नलची आणि प्रोजेक्टची एक प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवा. विश्वामित्री नदीच्या २०१९ आणि २०२४ च्या पुरात शहराच्या सखल भागांत पाणी शिरले, आणि तळमजल्यावरचा सीपीयू टेबलाखाली असतो.

वर्गात काय होते, काय होत नाही

एका तुकडीत १२ जण, प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र. आठवड्यातून तीन दिवस दीड तास, एकूण बारा आठवडे. पहिले चार तास मूलतत्त्वांचे आणि ते चुकवता येत नाहीत. प्रत्येक प्रोग्राम आधी कागदावर: व्हेरिएबलांचे रकाने आखून लूपच्या प्रत्येक फेरीत कोणाची किंमत किती झाली ते लिहायचे, मग कीबोर्डला हात लावायचा.

तयार जर्नल किंवा प्रोजेक्ट आमच्याकडे मिळत नाही. एआयकडून कोड लिहून घेतला तर तो ओळीओळीने समजावून सांगावा लागेल. वायवाला परीक्षक एखादी ओळ बदलून 'आता काय छापले जाईल?' असे विचारू शकतात, त्याची तयारी अशीच होते.

पहिल्या दिवशी येताना कॉलेजच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत, एक दोनशे पानी वही आणि लॅबमध्ये कोणता कंपायलर आहे त्याचे नाव लिहून आणा. नाव माहीत नसेल तर पडद्याचा फोटो चालेल: निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरे असतील तर बहुतेक टर्बो सीच.