मुंबई अग्निशमन दल

बृहन्मुंबई महानगरपालिकेचे आग विझवण्याचे आणि संकटातून माणसे सोडवण्याचे खाते. मुख्यालय भायखळ्याला. दलाची पस्तीसच्या आसपास केंद्रे आहेत, आणि त्यांच्या जोडीला दाट वस्त्यांजवळ लहान केंद्रेही उभारली आहेत. बोलीत मात्र ते अजून ‘बंबवाले’च. हा ‘बंब’ पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप यावरून आला. न्हाणीघरातला तांब्याचा बंब त्याचाच भाऊबंद. दलाच्या भाषेत मदतीच्या हाकेला ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी १०१ या क्रमांकावर येते, आणि आगीच्या व्याप्तीप्रमाणे तिची प्रत एक ते चार अशी चढत जाते. त्याही पलीकडे गेली तर ‘ब्रिगेड कॉल’.

फोर्टमध्ये, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, १८०३ साली मोठी आग लागली. तटाबाहेर नवी वस्ती वाढण्यामागे ती एक मोठे कारण ठरली. त्यानंतरही बराच काळ आग विझवणे हे पोलिसांच्याच कामांपैकी एक होते. १८८७ मध्ये ते पालिकेच्या अखत्यारीत आले आणि पुढच्याच वर्षीच्या मुंबई महानगरपालिका कायद्याने ती पालिकेची जबाबदारी ठरली. सुरुवातीचे बंब घोडे ओढत.

दलाच्या इतिहासातला सर्वांत काळा दिवस १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज दोन दिवसांपूर्वी धक्क्याला लागले होते. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात ठेवण्याचा निर्णय मुंबईबाहेर झाला होता. त्याची किंमत मात्र मुंबईच्या फायरमननी चुकवली. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दुपारी धूर दिसल्यावर बंब आले आणि जवान पाण्याचे झोत धरून धक्क्यावर व जहाजावर उभे राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दलाचे ६६ जण गेले. एकूण मृतांचा आकडा आठशे ते तेराशे असा वेगवेगळा सांगितला जातो. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो या घटनेच्या स्मरणार्थ.

कामगिरी मोजायची तर विझवलेल्या आगींपेक्षा जिवंत खाली उतरवलेल्या माणसांवरून मोजावी. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात ताजमहाल हॉटेलात गोळीबार चालू असताना जवानांनी शिड्या लावून खिडक्यांतून पाहुण्यांना उतरवले. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरची माणसे गच्चीवर अडकली. ८४ जणांना उंच शिड्यांनी खाली आणले गेले. आग विझवणारा यंत्रमानव दलाने याच वेळी पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरला. वर्तमानपत्रांनी यंत्रमानवाचीच छायाचित्रे अधिक छापली. खरे काम शिडीचे होते.

शिडी पोचली तरच हे शक्य. काळबादेवीच्या गल्ल्यांत ती आत शिरतच नाही. ९ मे २०१५ रोजी तिथल्या ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला लागलेल्या आगीत रहिवासी वाचले, पण इमारत कोसळून दलाचे चार अधिकारी बळी गेले : मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. साहेब मागे उभे राहून हुकूम सोडत नाहीत, स्वतः पुढे असतात, ही या दलाची जुनी रीत. त्या आगीत तिने वरची फळीच नेली.

एकटे दल फारसे काही करू शकत नाही. गाडी निघते तेव्हाच बाकीच्यांनाही कळवले जाते : इमारतीचा वीजपुरवठा तोडायला बेस्ट किंवा त्या भागातली वीज कंपनी, गर्दी हटवायला पोलीस, जखमींसाठी रुग्णवाहिका, ढिगारा उपसायला विभाग कार्यालयाचे कामगार. पाणी खात्याचा चावीवाला यात कोणाच्या नजरेत येत नाही, पण त्या भागात पाणी सोडणारा तोच. ब्रिटिशांच्या काळातले रस्त्यावरचे हायड्रंट, म्हणजे बंबांना पाणी घेण्यासाठीचे नळ, बहुतेक निकामी झाले आहेत, त्यामुळे सगळी भिस्त टँकरवर असते. इमारत कोसळली की राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या खांद्याला खांदा लावतात. चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांच्या पट्ट्यात कंपन्यांचे स्वतःचे बंब आहेत. एकमेकांच्या आगीला धावून जायचे, अशी परस्पर साहाय्याची व्यवस्था तिथे आहे. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे.

सगळ्यांत अवघड भागीदारी नागरिकांशी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगरोधक यंत्रणा चालू ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. कागद येतो, जिन्यातली सायकल, कुंड्या आणि जुने कपाट मात्र जागचे हलत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांच्या आगीत १४ जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे तपासण्यांना जोर आला.

यापलीकडची कामे रोजची आणि बिनगाजावाजाची. लिफ्टमध्ये अडकलेले आजोबा, पावसाळ्यात उन्मळलेली झाडे, विसर्जनाच्या वेळी चौपाटीवरचा पहारा. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेल्या घारी-कबुतरांच्या वर्द्या येतात, आणि तेवढ्यासाठीही लाल गाडी शिडी घेऊन निघते.