ऑक्युपेशनल थेरपीच्या वाटा विदर्भातल्या गावांपर्यंत कशा आल्या: पार्श्वभूमी

नीटचे गुण एमबीबीएसला पुरत नाहीत, कॅप राउंड (राज्याची केंद्रीय प्रवेश फेरी) सुरू होतो आणि पसंतीक्रम भरताना बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, समोर येते. आजार, इजा किंवा अपंगत्व असलेल्या माणसाला रोजची कामं करता यावीत यासाठीचा हा उपचार. अभ्यासक्रम बरीच वर्षं साडेचार वर्षांचा राहिला, त्यात शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. वणी, पुसद, ब्रह्मपुरीकडच्या घरांतून मग हमखास विचारलं जातं की शिकून इकडे परत आलं तर नोकरी कुठे. आज याची उत्तरं बरीच आहेत: जिल्हा रुग्णालय, विशेष शाळा, लहान मुलांचं केंद्र, खाणीचा किंवा वीज केंद्राचा दवाखाना, तालुक्याच्या गावी स्वतःची खोली. पण यातल्या बहुतेक वाटा अभ्यासक्रमाने आखलेल्या नाहीत. कुठल्या कायद्यात आणि कुठल्या पदयादीत नाव आलं किंवा राहून गेलं, त्यावर त्या ठरत गेल्या.

या व्यवसायाची सुरुवात, म्हणजे पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक, १९१७ साली अमेरिकेत झालेली संघटना, हा भाग पाठ्यपुस्तकात आहेच. परळच्या पालिका रुग्णालयात १९५० मध्ये प्रशिक्षण सुरू झालं, ते आशियातलं पहिलं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातही ते आलं. विदर्भात मात्र हे काम पदवीच्या आधीच चालू होतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठधाम उभं राहिलं, पुढे अमरावतीला आणि वरोऱ्यालाही वसाहती झाल्या. तिथे शेती, हातमाग, सुतारकाम होतं आणि ते करणारी बोटं वाकडी होती.

या हातांकडे जरा नीट बघायला हवं. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि अनामिका आत वळतात, पुढे सगळा पंजा आकसतो. संवेदना नसल्याने तव्याचा चटका कळत नाही, फोड मात्र येतो. उपाय साधे होते: मेणाचा शेक, तेल लावून बोटं सरळ करणं, पीव्हीसी पाइपचा तुकडा तापवून केलेली बोटाची पन्हळ, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, चमच्याच्या किंवा विळ्याच्या दांड्यावर त्या माणसाच्या मुठीप्रमाणे बसवलेली जाड पकड. यातलं बरंचसं शिकवून तयार केलेले तंत्रज्ञच करायचे, पदवीधर क्वचितच. १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात बहुऔषधोपचार आला आणि रुग्ण झपाट्याने घटले. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेलं. कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळत गेली. आकड्यापुरता प्रश्न सुटला. वाकडी बोटं घेऊन जगणारी माणसं होती तिथेच राहिली, त्यांच्यासाठीची पदं तेवढी आटली.

आता १९९२. पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी करणारा केंद्राचा कायदा त्या वर्षी झाला. त्याच्या यादीत वाचा-श्रवण तज्ज्ञ आहेत, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव तयार करणारे, कार्यशाळा व्यवस्थापकसुद्धा आहेत. 'बहुउद्देशीय पुनर्वसन थेरपिस्ट' असाही एक वर्ग आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाही. फिजिओथेरपिस्टही नाही. ज्यांचं कामच पुनर्वसन, तेच पुनर्वसनाच्या नोंदवहीबाहेर.

यावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, बाहेर राहिलं ते बरंच झालं. हा कायदा समाजकल्याणाच्या बाजूचा. आपलं काम वॉर्डातलं, शस्त्रक्रियेनंतरचं, अतिदक्षता विभागातलं, तेव्हा आपण आरोग्य खात्याच्याच छताखाली असावं. दुसरा तट विचारतो, ते छत होतं कुठे? राज्याने फिजिओथेरपीसोबत एकत्र परिषदेचा कायदा केला तो २००२ चा. केंद्रात २००७ मध्ये विधेयक आलं; त्याच्या नावात फिजिओथेरपी होती, ऑक्युपेशनल थेरपी नव्हती, आणि ते काही कायदा झालं नाही. पहिल्या तटाचं म्हणणं मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बसून पटतं. खेड्यात अतिदक्षता विभाग नसतो. तिथे असते ती अनुदानावरची विशेष शाळा, पंचायत समितीचं दिव्यांग शिबिर, गटसाधन केंद्र. या जागी अर्जात १९९२ च्या कायद्याखालच्या पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितला की राज्य परिषदेचं प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलगी खिडकीवरूनच परत येते. पदवी असून नसल्यासारखी. दोन मंत्रालयांमधल्या या फटीची सगळ्यात जास्त किंमत ग्रामीण भागाने मोजली, असं माझं मत आहे.

मानसिक आरोग्यातही तेच. हा व्यवसाय मनोरुग्णालयांत वाढला, नागपूरच्या मनोरुग्णालयाशी विद्यार्थ्यांचा संबंध येतोच; पण १९९६ पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, समाजसेवक असे धरले गेले. ऑक्युपेशनल थेरपिस्ट पुन्हा बाहेरच.

उघडलेली दारं बहुतेक मुलांच्या बाजूची. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. २०१३ मध्ये बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यातून जिल्हा रुग्णालयांत लवकर निदान आणि उपचाराची केंद्रं उभी राहिली. उशिरा मान धरणारी, उशिरा बोलणारी मुलं अंगणवाडीतून थेट तिथे पोचू लागली. नोकरीच्या काही जाहिरातींत मात्र 'फिजिओ / ऑक्युपेशनल' असा तिरका दंड असतो, आणि जागा एकच. फिजिओथेरपिस्ट संख्येने जास्त, त्यामुळे ती कुणाला जाते हे सांगायला नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. पूर्व विदर्भासाठी त्यातला मोठा बदल म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा समावेश. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे हा आजार घराघरांत ठाऊक आहे. रक्त भरणं, गोळ्या हे डॉक्टरांचं काम. खुब्याचं हाड झिजलेल्या किंवा लहानपणीच पक्षाघात झालेल्या मुलाने शाळेत कसं बसायचं, दमल्यावर दिवस कसा वाटून घ्यायचा, हे या व्यवसायाचं.

खाजगी वाट सगळ्यात कमी लिहिली जाते. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये आणि एरवी कडबा कुट्टीत बोटं जातात. टाके सुकल्यावर मुठीची ताकद डायनामोमीटरवर चांगली भरते आणि बाई तरी म्हणते, कापूस वेचता येत नाही. पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस ओढायला अंगठा आणि दोन बोटांची चिमटी लागते, बोंडाची कडक टोकं चुकवावी लागतात, आणि हे दिवसभर करायचं असतं, कारण मजुरी किलोवर. तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या थेरपिस्टकडे असे हात येतात. मूठ भरली म्हणून त्यांना सुट्टी देऊन चालत नाही.

संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याने पहिल्यांदा केंद्रीय पातळीवर ऑक्युपेशनल थेरपीला स्वतंत्र वर्ग दिला. किमान ३६०० तासांच्या पदवीमुळे नोंद 'आरोग्यसेवा व्यावसायिक' अशी, तंत्रज्ञांच्या 'संलग्न' गटात नाही. १९९२ च्या यादीला मात्र या कायद्याने हात लावलेला नाही, आणि विशेष शाळांचा कारभार अजून त्याच यादीवर चालतो.