फिरणारी नर्तिका आणि दहावीनंतरची शाखा

नागपुरात दहावीचा निकाल लागला की नातेवाइकांच्या गटांवर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो: पडद्यावरच्या हलत्या चित्रातली नर्तिकेची काळी आकृती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसली तर मुलाचा उजवा मेंदू प्रबळ, म्हणून त्याने कलेकडे वळावे; उलट दिसली तर इंजिनिअरिंग किंवा सीए.

ही समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. 1960 च्या दशकात, तीव्र अपस्मारामुळे (फिट्स येण्याच्या आजारामुळे) मेंदूच्या डाव्या-उजव्या गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने छेदलेल्या रुग्णांवर प्रयोग झाले आणि दोन्ही बाजूंची काही कामे वेगळी असल्याचे दिसून आले. बहुतेकांमध्ये भाषेचे काम मुख्यतः डावीकडे चालते, हेही खरे. मात्र कामांची अशी वाटणी असली, तरी त्यावरून माणसांची वाटणी करता येत नाही. 2013 मध्ये हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या गेल्या, तेव्हा ज्याची एकच बाजू सर्वत्र वरचढ आहे असा कोणी आढळला नाही. तबलजीलाही मात्रांचा हिशेब ठेवावाच लागतो.

पडताळा घरीच घेता येतो. त्या सपाट काळ्या आकृतीत कोणता पाय पुढे आणि कोणता मागे, हे सांगणारी खूणच नसल्यामुळे दोन्ही दिशा तितक्याच ग्राह्य ठरतात. वरचा भाग हाताने झाकून केवळ पायांकडे पाहत राहावे. बहुतेकांना थोड्या वेळात दिशा उलटलेली दिसते, आणि तेवढ्यात मुलाचा कल काही बदललेला नसतो.