लिम्फोमात मज्जा परत कशासाठी देतात?

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. त्याच्या रुग्णाला डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेचं प्रत्यारोपण, सुचवला की घरचे आधी विचारतात, डोनर कोण? बहुतेक वेळा उत्तर येतं, रुग्ण स्वतःच. ऐकणारा गोंधळतो. स्वतःचीच मज्जा परत घेऊन आजार कसा जाणार?

१९४२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एका लिम्फोमाच्या रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड टोचलं गेलं. हे युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातलं रसायन. गाठी विरघळल्या, पण लवकरच परतल्या. आणि औषधाने मज्जाही खचली. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांचा हात इथेच अडायचा. डोस वाढवावा, तर गाठी संपण्याआधी रक्त तयार होणंच थांबायचं.

डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना दुसऱ्यांची मज्जा शिरेतून दिल्याचं मांडलं. शंभर दिवसांपलीकडे त्यांतला एकही जगला नाही. मज्जा रुजत नसे, आणि रुजलीच तर रुग्णाच्याच शरीरावर उलटे. अनेकांनी हा नाद सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. १९९० चं नोबेल त्या चिकाटीला मिळालं. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं, तेही रक्ताच्या कर्करोगासाठी, दुसऱ्याची मज्जा देऊन.

लिम्फोमाला मात्र वेगळी वाट सापडली. गाठी लसिका ग्रंथींत, मज्जा पुष्कळदा स्वच्छ. मग तीच आधी काढून गोठवून ठेवली तर? १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉक्टरांनी जबर केमोनंतर अशी मज्जा परत दिली आणि ती रुजली. आजार मारते ती केमो. मज्जा रुग्णाला त्या केमोतून जिवंत बाहेर काढते.

खात्रीचा पुरावा १९९५ च्या पार्मा नावाच्या वैद्यकीय चाचणीने दिला. आजार उलटलेल्या, पण केमोला दाद देणाऱ्या १०९ रुग्णांची दोन गटांत वाटणी झाली. पाच वर्षांनी मज्जा परत मिळालेल्यांपैकी ५३ टक्के जिवंत होते, नुसत्या केमोवरच्यांपैकी ३२ टक्के. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा आकडा हाच.

आता मज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या मूलपेशी बहुधा हातातल्या रक्तातूनच गोळा करतात. नाव तेवढं जुनं राहिलं. काही लिम्फोमांत, वर्षभराच्या आत आजार उलटला तर, कार-टी पेशींनी, म्हणजे कर्करोगावर चालून जातील अशा बदललेल्या रुग्णाच्याच प्रतिकारपेशींनी, ही जागा घेतली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या अशा उपचाराला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. आजार उशिरा उलटला आणि केमोला दाद देत असला, तर आजही भिस्त असते ती गोठवून ठेवलेल्या पिशवीवरच.