चालण्याच्या शर्यती: हिवाळ्यातला सराव आणि बदलत गेलेली अंतरं

युरोपातले वॉकर हिवाळाभर सावकाश किलोमीटर गोळा करतात, वेगाचं काम वसंतात. आपल्याकडे ते जमत नाही, कारण आपली राष्ट्रीय स्पर्धाच जानेवारी-फेब्रुवारीत असते, लगेच मार्चमध्ये जपानात नोमीला आशियाई स्पर्धा, आणि एप्रिल लागला की ऊन चढल्यावर रस्त्यावर 20 किमी जोरात चालणं अशक्यच. म्हणजे दिवाळीनंतरच्या तीनेक महिन्यांत पायाही भरायचा आणि भिंतीही उभ्या करायच्या.

1978 बँकॉक आणि 1982 दिल्ली, दोन्ही एशियाडमध्ये 20 किमीचं सोनं आपलं होतं. मग बराच काळ शांतता. खरी हालचाल 2012 नंतरची, लंडन ऑलिंपिकला केरळचा एक जवान 1:20:21 मध्ये दहावा आला आणि वरच्या लोकांना कळलं की इथे काहीतरी होऊ शकतं. पुढे रशियन कोच आला, बंगळुरूत लांब कॅम्प लागायला लागले, आणि फेब्रुवारीतली शर्यत ही ऑलिंपिकचं तिकीट काढायची जागा होऊन बसली. 2020 ला रांचीत राजस्थानच्या एका खेड्यातल्या मुलीने 1:29:54 काढून टोकियो ऑलिंपिक गाठलं (पात्रता 1:31:00 होती), पुढच्याच वर्षी तिथेच दुसरीने 1:28:45.

थंडीत वेळ चांगली लागते हे खरं, पण थंडी तंत्र बिघडवतेही. पहाटे अंग गरम न होता वेग घेतला की नडग्या भरून येतात, कंबर सुटत नाही आणि पाय टेकताना गुडघा सरळ होत नाही, आणि नेमकं त्यालाच पंचांचं लाल कार्ड आहे. म्हणून जाणते कोच हिवाळ्यात सायकलवर शेजारून चालतात, घड्याळापेक्षा गुडघ्याकडे जास्त बघतात, शेवटच्या पाच किमीत तर फक्त गुडघा आणि टाच. लाल कार्डं तीन झाली की आता 20 किमीला दोन मिनिटं पेनल्टी झोनमध्ये उभं राहावं लागतं, चौथं आलं की बाहेर, तेव्हा तंत्राचा सराव डिसेंबरात पक्का नसेल तर फेब्रुवारीत तो आयत्या वेळी येत नाही. पतियाळ्याकडे तर डिसेंबर-जानेवारीत धुकंच इतकं की पहाटे रस्त्यावर उतरणं धोक्याचं, सरावाची वेळच पुढे ढकलावी लागते.

पण हिवाळ्याचं सगळं गणित खरं विस्कटलं ते 50 किमी बंद करण्याच्या निर्णयाने. हे अंतर 1932 पासून ऑलिंपिकमध्ये, मध्ये फक्त 1976 चा अपवाद. कारणं दोन दिली गेली, शर्यत फार लांब, टीव्हीवर कोण बघणार, आणि बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये 50 नाही म्हणून समानता नाही. दुसरं कारण मला कधीच पटलं नाही, कारण 2017 आणि 2019 च्या जागतिक स्पर्धांमध्ये बायका 50 चालल्याच होत्या की! त्यांना ऑलिंपिकमध्ये ते अंतर द्यायचं सोडून दोघांचंही काढून घेतलं. शेवटची ऑलिंपिक 50 ऑगस्ट 2021 मध्ये सप्पोरोला झाली (टोकियो ऑलिंपिकच्या चालण्याच्या शर्यती तिथे होत्या), त्यानंतर जागतिक स्पर्धेत 35 किमी आलं, पॅरिस ऑलिंपिकला 35 पण नाही तर स्त्री-पुरुष जोडीची मॅरेथॉन अंतराची रिले, आणि 2026 पासून 20 आणि 35 च्या जागी हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉन.

कोचच्या बाजूने बघा म्हणजे कळेल. 50 च्या माणसाचा हिवाळा म्हणजे रविवारी 35-40 किमी एका लयीत, चालता चालता खायची-प्यायची सवय, आणि अशा दोन-तीन हिवाळ्यांनी तो तयार होतो. 35 ला वेग वाढतो, वेग वाढला की दोन्ही पाय एकदम हवेत जायची भीती वाढते (नियमाने एक पाय कायम जमिनीवर हवा), म्हणजे पुन्हा तंत्र घोटायचं. रिलेला तर दहाएक किमी जीव तोडून, मग थांबायचं, मग परत तेवढंच, हा सरावच निराळा. आपल्याकडे 35 साठी मेहनत घेतलेल्या जोडीने हांगझोऊ एशियाडमध्ये ब्राँझ आणलं आणि आता ते अंतरच गेलं, त्यांनी पुढच्या थंडीत नक्की काय करायचं?

शिवाय फेब्रुवारीचा फॉर्म ऑगस्टपर्यंत टिकत नाही ही जुनी दुखरी जागा आहेच. सप्पोरोला 1:28:45 वाली मुलगी सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे होती, संपवताना 17 वी, वेळ 1:32:36. अर्थात त्या उकाड्यात सगळेच मंदावले होते. जानेवारी 2024 ला चंदीगडमध्ये 1:19:38 चा राष्ट्रीय विक्रम करणारा मुलगा पॅरिसला शर्यत पूर्णच करू शकला नाही. एका माणसाच्या एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये हे मान्य, तरी पात्रतेची शर्यत थंडीत आणि मुख्य शर्यत उन्हाळ्यात, यांच्यामधल्या पाच-सहा महिन्यांचं नियोजन आपल्याकडे कायम मागे पडलंय. आता हाफ मॅरेथॉनमुळे जुन्या वेळा तुलनेला उपयोगाच्या राहिल्या नाहीत, तेव्हा डिसेंबरात किती वेगाने चालवायचं याचे आकडे कोच लोकांना नव्याने बसवावे लागतायत.