अर्थव्यवस्थांच्या आकाराची तुलना

वर्षभरात देशाच्या हद्दीत तयार झालेल्या अंतिम वस्तू व सेवांचे मूल्य, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी), एकाच चलनात आणून देशांचे आकारमान ताडण्याची पद्धत.

अडचण चलनापाशीच येते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना ती सांगावी लागली नसती. निजामी राजवटीत इकडे हाली सिक्का, म्हणजे संस्थानाचा स्वतःचा रुपया चाले, तर पलीकडे सोलापूर-नगरकडे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षे हाली व्यवहारात होता. आकडा ऐकला की आधी विचारायचे, हाली की कलदार? देशांच्या क्रमवारीलाही पहिला प्रश्न हाच विचारावा.

बाजारातल्या विनिमय दराने डॉलर केले, तर अमेरिका पहिली आणि चीन दुसरा. पण हा दर मुख्यतः आयात-निर्यात आणि भांडवलाची ये-जा यांवर ठरतो. परभणीतली दाढी-कटिंग किंवा खोलीभाडे सीमा ओलांडत नाही. अशा सेवा गरीब देशांत स्वस्त असतात, म्हणून तिथली अर्थव्यवस्था असते त्याहून लहान दिसते. यावरचा उपाय म्हणजे क्रयशक्ती समता : सारख्याच वस्तू-सेवांना कुठे किती पैसे पडतात, त्यावरून काढलेला दर. १९६८ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीत डॉलर २०.६५ रुपयांचा ठरला. विनिमय दर होता ६५.१२. या मापाने चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. मात्र कच्चे तेल किंवा परकीय कर्ज यांसाठी बाजारभावाचाच डॉलर मोजावा लागतो, त्यामुळे तिथे हे माप उपयोगाचे नाही.

एकूण आकारावरून सुबत्ता कळत नाही. त्यासाठी दरडोई आकडा लागतो. भारतासाठी तो पहिल्यांदा दादाभाई नौरोजींनी मांडला : १८६७-६८ साठी वर्षाला सुमारे २० रुपये.

हद्दीचा प्रश्नही मोलाचा आहे. बीडची कोयत्याची जोडी (ऊस तोडणारे नवरा-बायको) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन कर्नाटकात ऊस तोडायला जाते. तिच्या कष्टाचे मूल्य तिथल्या उत्पादनात धरले जाते आणि मजुरी गावाकडे येते. देशांच्या बाबतीत हाच फरक देशांतर्गत उत्पादन आणि राष्ट्रीय उत्पन्न यांत असतो.

घरी खाण्यासाठी ठेवलेल्या ज्वारीचे मूल्य हिशेबात येते. तिची भाकरी करणाऱ्या घरच्या बाईचे काम कुठल्याच देशाच्या जीडीपीत येत नाही.