बार्शी, उस्मानाबाद आणि तपासणी न मिळालेल्या बायका: एका वादाची पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषय निघाला की हल्ली दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक म्हणजे व्हिनेगरच्या साध्या टेस्टने बायकांचे जीव वाचतात हे भारताने जगाला दाखवलं, आणि दुसरं म्हणजे अमेरिकेच्या पैशावर आपल्या २५४ बायकांना मरू दिलं. गंमत अशी की दोन्ही वाक्यं एकाच कामाबद्दल आहेत, आणि दोन्ही अर्धवट आहेत. हे काम म्हणजे तपासणीने मृत्यू कमी होतात का हे बघणाऱ्या तीन मोठ्या ट्रायल, आणि ते मुख्यतः आपल्याच राज्यात झालं, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत, तरी मराठीत याबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं.

सुरुवात बार्शीपासून करावी लागते. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्याआधी भारतात कॅन्सर किती हे आपल्याला मोठ्या शहरांच्या आकड्यांवरूनच कळायचं, खेड्यात कोणाला कॅन्सर झाला, कोण त्यात गेलं, याचा पत्ताच नसायचा. बार्शीच्या नोंदणीत दिसलं की गावातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा, म्हणजे लोक ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात तो, सगळ्यात जास्त आहे आणि बाई दवाखान्यात येते तेव्हा बहुतेकदा फार उशीर झालेला असतो. अंगावरून पांढरं जातंय, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतंय, हे घरात बोलायची सोय नाही, मग तालुक्याला जाणं तर लांबच. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरून लक्षणांबद्दल बोलायला लागले आणि काही वर्षांत निदान आधीच्या टप्प्यावर व्हायला लागलं, तेही कुठलीही टेस्ट न करता, नुसत्या माहितीने. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागेल.

तिकडे पश्चिमेत १९४० च्या दशकापासून पॅप स्मिअर ही तपासणी होती. गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. ती नीट राबवली गेली त्या देशांत या कॅन्सरचे मृत्यू खूप खाली आले. पण पॅप स्मिअर सरसकट लागू करण्याआधी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून कोणी ट्रायल केली नव्हती, लोकांनी वापरली आणि आकडे उतरले म्हणून ती सिद्ध मानली गेली. पुढच्या वादातला अर्धा गोंधळ या एका गोष्टीमुळे आहे, कारण ती खरंच सिद्ध म्हणायची का इथपासूनच मतभेद होतात.

भारतात पॅप स्मिअरचा राष्ट्रीय कार्यक्रम कधी झालाच नाही. लॅब, काचा वाचणारे तज्ज्ञ, रिपोर्ट घेऊन बाईला पुन्हा बोलावणं, हे सगळं सरकारी आरोग्यसेवेला जमणार नाही असं धरून चालले सगळे. मग नव्वदच्या दशकात दुसरे पर्याय शोधणं सुरू झालं. एक होता व्हीआयए: पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. दुसरा एचपीव्ही या, हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची टेस्ट. यांनी खरंच मृत्यू कमी होतात का हे बघायला तीन मोठ्या ट्रायल निघाल्या.

पहिली मुंबईत, १९९८ पासून. टाटा मेमोरियलचं काम, पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा. झोपडपट्ट्यांचे २० भाग पाडले, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाच्या वर बायका, निम्म्या भागांत दर दोन वर्षांनी व्हीआयए आणि बाकीच्या निम्म्यांत सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती, बस. दुसरी उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांची, पैसा गेट्स फाउंडेशनचा. इथे गावांचे ५२ गट, १,३१,७४६ बायका, आणि चार वाटण्या: एचपीव्ही टेस्ट, पॅप स्मिअर, व्हीआयए आणि चौथ्या वाटणीला यातलं काहीच नाही. तिसरी तमिळनाडूत दिंडीगुळला, व्हीआयएचीच.

तिन्ही मिळून कंट्रोल ग्रुपमध्ये, म्हणजे तपासणी न मिळालेल्या गटात, सुमारे १ लाख ३८ हजार बायका होत्या.

निकाल आले ते खरोखर मोठे होते. उस्मानाबादचे २००९ मध्ये छापून आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, त्या गटात ३४ आणि कंट्रोल ग्रुपमध्ये ६४. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत तिथे म्हणावा असा फरक दिसला नाही, हे व्हिनेगरचं कौतुक करणारे सोयीस्करपणे विसरतात. मुंबईचे निकाल २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कॅन्सर परिषदेत जाहीर झाले, ९८ विरुद्ध ६७, म्हणजे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी, आणि विशेष म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, काही आठवड्यांचं ट्रेनिंग दिलेल्या दहावी पास बायका होत्या. दिंडीगुळला मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. तिन्ही ठिकाणच्या कंट्रोल ग्रुपमधले या कॅन्सरचे मृत्यू मोजले की बेरीज २५४ येते, तोच तो आकडा.

पण २५४ जणींना 'मारलं' असं म्हणणं चूक आहे. तपासणी मिळालेल्या गटांतही बायका गेल्याच, मुंबईत ६७ गेल्या. म्हणजे २५४ पैकी काही जणी तपासणीने वाचल्या असत्या, सगळ्या नाही. आणि ट्रायलच झाली नसती तरी त्या गावांत, त्या वस्त्यांत कोणी तपासणी घेऊन जाणारच नव्हतं. टाटाच्या बाजूने दिलं गेलेलं उत्तर साधारण हेच: देशात तपासणीचा कार्यक्रमच नाही, त्यामुळे कंट्रोल ग्रुपला जे मिळालं ते भारतातल्या कुठल्याही बाईला मिळतं तेवढंच, शिवाय एथिक्स कमिटीची परवानगी होती आणि कॅन्सर निघाला तर उपचार दोन्ही गटांना.

यावर सगळ्यात चिकाटीने बोट ठेवलं ते एरिक सुबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने. त्याने व्हिएतनाममध्ये पॅप स्मिअरची सेवा उभी करायला मदत केली होती, त्यामुळे गरीब देशात हे जमतच नाही हा मुद्दा त्याला पटण्यासारखा नव्हता. त्याची तक्रार अमेरिकेच्या सरकारी कार्यालयात गेली, संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी जे आहे तिथे, आणि त्यांनी मुंबईच्या ट्रायलबद्दल असं म्हटलं की बायकांची संमती घेताना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, पॅप स्मिअर नावाची तपासणी असते आणि ती दुसरीकडे करून घेता येते हेसुद्धा नीट सांगितलं नव्हतं. उस्मानाबाद त्यांच्या कक्षेत येत नव्हतं कारण तिथे अमेरिकन सरकारचा पैसा नव्हता. पैसा कुणाचा यावर चौकशी कुणी करायची हे ठरतं, परांड्याच्या बाईच्या हक्काचं मोजमाप वॉशिंग्टनमधल्या बजेटवरून व्हावं हे मला तरी विचित्र वाटतं. २०१४ मध्ये मुंबईतूनच निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात यावर दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं.

हा वाद आभाळातून पडलेला नव्हता. १९९७ मध्ये थायलंड आणि आफ्रिकेतल्या एड्सच्या ट्रायलवरून हाच प्रश्न जगभर पेटला होता, आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं औषध माहीत असताना गरोदर बायकांच्या एका गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, का दिली. टस्कीगीची आठवण तेव्हा निघाली, अलाबामात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता बघत बसले होते ते प्रकरण. त्यानंतर २००० साली हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जगभर मानली जाणारी नैतिक तत्त्वं, बदलला आणि त्यात आलं की नव्या गोष्टीची तुलना सध्याच्या सगळ्यात चांगल्या पद्धतीशी करावी. सगळ्यात चांगली म्हणजे जगातली की त्या तालुक्यातली? यावर एवढी भांडणं झाली की दोन वर्षांत खाली खुलासा जोडून ते थोडं सैल करावं लागलं. मुंबईची आणि उस्मानाबादची ट्रायल नेमकी या भांडणाच्या मधोमध चालू होती.

आणि याच आजारावर आपल्याकडे आधीही एक वाईट प्रकरण होऊन गेलं होतं. दिल्लीत आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थेने १९७६ पासून सुमारे ११०० बायकांच्या गर्भाशयमुखातले कॅन्सरपूर्व बदल उपचार न करता कसे वाढतात ते वर्षानुवर्षं पाहिलं. १९९७ मध्ये ते उघडकीला आलं तेव्हा लेखी संमती नव्हतीच, तोंडी घेतली असं सांगण्यात आलं. काही जणींचा आजार पुढे पसरणाऱ्या कॅन्सरपर्यंत गेला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या हॉस्पिटलात असाच प्रकार १९८७ मध्ये बाहेर आला, तिथे न्यायाधीशांची चौकशी बसली आणि रुग्णांच्या हक्कांची अख्खी व्यवस्था बदलली. आपल्याकडे एवढं काही झालं नाही. आयसीएमआरची सविस्तर नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २००० मध्ये आली, त्याच वर्षी मुंबईच्या सेहत संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यातल्या सामाजिक संशोधनासाठीही तत्त्वं तयार झाली, म्हणजे दोन्ही महाराष्ट्रातल्या ट्रायल सुरू झाल्यानंतर.

मग २००९-१० चं लसीचं प्रकरण. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला पाथ या अमेरिकन संस्थेच्या प्रकल्पात शाळकरी मुलींना एचपीव्ही लस दिली, होस्टेलच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्या, सात मुली दगावल्या. मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचं चौकशीत निघालं, पण संमतीच्या नावाखाली जे चाललं होतं ते बाहेर आलं आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक शब्दांत अहवाल दिला.

त्या बंदीत एक वेगळीच ट्रायल अडकली, तिच्या केंद्रांमध्ये पुणे आणि पुन्हा बार्शीसुद्धा होती. दोन डोस पुरतात की तीन लागतात हे बघायचं होतं, मध्येच थांबल्यामुळे हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या, आणि दहा वर्षं पाठपुरावा केल्यावर दिसलं की एक डोससुद्धा जवळपास तेवढंच संरक्षण देतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एक डोस चालेल असं म्हटलं त्यात या भारतीय मुलींच्या माहितीचा मोठा वाटा होता. कोणी ठरवून अशी ट्रायल काढली असती तर कदाचित कुठल्याच एथिक्स कमिटीने पास केली नसती!

आता परत कंट्रोल ग्रुपकडे. बार्शीत नुसत्या माहितीने निदान लवकर व्हायला लागलं होतं हे आधीपासून ठाऊक होतं, त्यामुळे माहिती सगळ्यांना दिली हे ठीक. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो एकट्या संशोधकांवर नाही. इथे काहीच मिळत नाही हा त्या गटाचा आधार होता, मग ट्रायल संपल्यावर तरी काहीतरी मिळायला हवं होतं, फक्त त्या १ लाख ३८ हजार जणींना नाही तर सगळ्यांना. २०१३ मध्ये मुंबईचे निकाल सांगताना भारतात वर्षाला २२ हजार मृत्यू टळू शकतात असा अंदाज दिला होता. २०१६ मध्ये केंद्राने ३० ते ६५ वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी व्हीआयए करायचा आराखडा काढला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या किती बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झाली आहे हे विचारलं, देशभरात उत्तर आलं १.९ टक्के. त्यामुळे उद्या कोणी नव्या टेस्टची ट्रायल घेऊन मराठवाड्यात आलं तर १९९८ चा तोच युक्तिवाद त्यांना जसाच्या तसा वापरता येईल, आणि आकड्यांच्या हिशोबाने तो खोटाही ठरणार नाही.